दगड का बुडतो?

जहाज तरंगतं आणि दगड बुडतो, असं का? आर्किमिडीजनं याचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. ॲमेझॉनला ते पटलेलं दिसत नाही. 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेच्या अगदी सुरुवातीला थोरला भाऊ छोट्या गॅलाड्रिएलला समजावतो, की दगड खाली बघतो म्हणून बुडतो आणि जहाज वर बघतं म्हणून तरंगतं. मागे कोवळं ऊन पडलंय, वाद्यवृंद हळूहळू चढतोय आणि भावाचा चेहरा इतका गंभीर, की क्षणभर आपल्यालाही वाटतं, असेल बुवा. मग ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून बघावं. हाती काही लागत नाही. लोक या मालिकेवर का रुसले, याचं उत्तर खरं तर इथेच मिळून जातं. पण सदराची जागा ठरलेली असते आणि ती भरावी लागते, म्हणून पुढे जाऊ.

आधी हिशेब. टोल्किनच्या कथेवर मालिका करण्याचे हक्क ॲमेझॉननं नोव्हेंबर २०१७ मध्ये घेतले, तेव्हा बातम्यांत आकडा आला तो साधारण २५ कोटी डॉलरचा. कॅमेरा सुरू होण्याआधीचा हा खर्च. पुढे न्यूझीलंडच्या एका मंत्र्यानंच सांगून टाकलं, की पहिल्या हंगामावर कंपनी त्यांच्या देशात सुमारे ६५ कोटी न्यूझीलंड डॉलर, म्हणजे ४६ कोटी ५० लाख अमेरिकी डॉलर खर्च करतेय. त्याला आठ भागांनी भागा आणि रुपयांत करा. एका भागाला साधारण साडेचारशे कोटी. आपल्या इस्रोचं मंगळयान साडेचारशे कोटींतच गेलं होतं. म्हणजे दर आठवड्याला एक मंगळयान, आणि पहिल्या आठवड्यात दोन भाग एकदम आले म्हणून दोन. इस्रोचं मंगळापर्यंत पोचलं, एवढाच फरक.

पीटर जॅक्सननं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन चित्रपट मिळून अंदाजे २८ कोटी डॉलरमध्ये केले होते. मधल्या वीस वर्षांची महागाई धरली तरी तिन्ही मिळून खर्च या आठ भागांच्या पुढे जाणार नाही. त्यातल्या तिसऱ्या चित्रपटानं ११ ऑस्कर नेली.

लंडनच्या प्रीमियरला जेफ बेझोस यांनी स्वतःच किस्सा सांगितला. मालिका हाती घेतल्याचं कळल्यावर त्यांचा मुलगा त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, बाबा, एवढं एक बिघडवू नका. (चिरंजीवांनी जरा झणझणीत शब्द वापरला होता, पुरवणी घरात लहान मुलंही वाचतात.) मुंबईतही प्रीमियर झाला, हृतिक रोशन हजर होता, फोटो छान आले. २ सप्टेंबर २०२२ ला मालिका जगभर सुरू झाली. २ सप्टेंबर हा टोल्किनचा स्मृतिदिन, तो १९७३ साली याच तारखेला गेला. मुहूर्त कोणी काढला माहीत नाही, पण पंचांग बघून काढलेला नसावा.

पहिल्या दिवशी अडीच कोटी लोकांनी मालिका पाहिली, असं कंपनीनं अभिमानानं जाहीर केलं. पुढचा आकडा कंपनीनं जाहीर केला नाही, 'हॉलिवूड रिपोर्टर'नं शोधून काढला: अमेरिकेत ज्यांनी मालिका सुरू केली त्यातल्या ३७ टक्क्यांनीच ती शेवटपर्यंत बघितली. बाहेरच्या देशांत ४५ टक्के. बाकीचे मधेच उठून गेले. फुकटात, सोफ्यावर पडल्या पडल्या, एका बटणावर पुढचा भाग आपोआप सुरू होत असताना उठून गेले. यासाठी माणसाला बरेच कष्ट पडतात.

आता एक नकोसा विषय उरकून टाकू. या मालिकेवर चिडलेल्यांत एक मोठी टोळी अशी होती, की तिला एल्फ आणि बुटके सावळ्या रंगाचे दिसले म्हणून राग आला. या मंडळींनी नटांना इतकं घाणेरडं लिहिलं, की जुन्या चित्रपटांतले हॉबिट झालेले नट नव्या नटांच्या बाजूनं जाहीरपणे उभे राहिले. एल्फच्या कातडीचा रंग टोल्किनच्या मुद्रिकांपेक्षा ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यासाठी हे सदर नाही. त्यांनी शब्दकोडं सोडवावं. पण गंमत अशी, की या टोळीचा फायदा कंपनीलाच झाला. टीका करणारा प्रत्येक जण त्याच टोळीतला, असं म्हणण्याची सोय झाली. इस्माईल क्रूझ कोर्डोवानं एल्फ उत्तम केला. त्याच्या तोंडी वाक्यं कोणी लिहिली, हा प्रश्न तसाच राहिला.

दुसरी सोय 'अहो, फँटसी आहे ती' या वाक्यात असते. ड्रॅगन उडतो ते चालतं, मग गॅलाड्रिएल समुद्र पोहून जाते ते का नाही चालत? हा युक्तिवाद करणाऱ्यांनी आयुष्यात कधी कीर्तन ऐकलेलं नसतं. आपल्याकडच्या श्रोत्याला विमानं, अस्त्रं, दहा तोंडं, शंभर कौरव, सगळं चालतं. पण जयद्रथाला मारायचं असेल तर सूर्य मावळायच्या आत. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. कर्णाच्या रथाचं चाक रुततं ते रुततंच. तो चमत्कारी योद्धा आहे म्हणून ते आपसूक वर येत नाही. अद्भुतात काहीही होऊ शकतं, असं ज्याला वाटतं, त्याला अद्भुतातलं काही कळलेलं नाही. तिथे नेम जास्त कडक लागतात, कारण बाकीचं सगळं सैल असतं.

टोल्किनला हे पक्कं ठाऊक होतं. ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक आधी नकाशा काढायचा आणि मग त्यावर पात्रं चालवायचा. कोण एका दिवसात किती चाललं, कुठल्या रात्री चंद्राची कुठली कला, आणि त्याच रात्री दुसऱ्या टोकाच्या पात्राला चंद्र तसाच दिसतो ना, हे तो तपासून बसायचा आणि चुकलं तर प्रकरण पुन्हा लिहायचा. मुग्धा कर्णिक यांच्या मराठी अनुवादातून, 'स्वामी मुद्रिकांचा'मधून, ज्यांनी ही कथा वाचलीय त्यांना आठवेल, किती पानं नुसती चालण्यात जातात. पाय दुखतात, शिधा संपतो, पाऊस थांबत नाही. कंटाळाही येतो कधी कधी, खोटं कशाला बोला. पण जिथे पोचायचंय ते मॉर्डोर लांब आहे हे आपल्याला पटलेलं असतं. मॉर्डोर लांब आहे, हीच तर गोष्ट.

मालिकेत काहीच लांब नाही. गॅलाड्रिएल महासागराच्या पार, थेट अमरांच्या देशाच्या उंबरठ्यापर्यंत जहाजानं जाते, तिथे तिचं मन बदलतं आणि ती पाण्यात उडी टाकते. परत यायचंय. पोहत. सबंध महासागर. लेखकांच्या खोलीत त्या क्षणी कोणीतरी हात वर करून 'किती किलोमीटर?' एवढं विचारायला हवं होतं. बहुधा सगळ्यांचे हात टाळ्या वाजवण्यात गुंतले असावेत. बाईंना वाटेत तराफा भेटतो, तराफ्यावर एक देखणा इसम भेटतो, मग नेमकं एक जहाज भेटतं, आणि जहाजाचा कप्तान नेमका एलेन्डिल निघतो, ज्याच्यावाचून पुढची कथा अडणार असते. लोकल चुकली तर दादरला ओळखीचा माणूस भेटत नाही, आणि इथे भर समुद्रात सगळी पात्रयादी भेटते.

सहाव्या भागात ज्वालामुखी फुटतो. दृश्य अप्रतिम आहे, यात वाद नाही; पैसे कुठे गेले ते दिसतं. तापलेल्या राखेचा डोंगराएवढा लोट गावावर चाल करून येतो आणि गॅलाड्रिएल त्याच्याकडे बघत शांतपणे उभी राहते. भाग संपतो. पाँपेईत इ. स. ७९ मध्ये असाच लोट आला होता आणि तिथल्या माणसांचे आकार अजून तसेच सापडतात. इथे पुढच्या भागात बाई डोळे उघडतात. अंगावर राख, केस विस्कटलेले. आसपासचे बरेचसे लोकही खोकत उठतात. लढायला आलेल्या राणीची दृष्टी जाते, काही जण मरतात, पण ज्यांची नावं आपल्याला पाठ झालीत ते बहुतेक धडधाकट.

यानंतर कशाची भीती वाटणार? पुढच्या प्रत्येक लढाईत, प्रत्येक कड्यावर, प्रेक्षक मनात म्हणणार, ज्वालामुखीनं नाही झालं काही, या तलवारीनं काय होणार. एक दृश्य जिंकलं आणि उरलेली मालिका हरली. सातव्या भागाच्या शेवटी पडद्यावर 'साउथलँड्स' अशी अक्षरं येतात, ती वितळतात आणि तिथे 'मॉर्डोर' उमटतं. धूर, राख, लाल आभाळ, धगधगता डोंगर एवढं सगळं दाखवून झाल्यावर वर पाटी लावली. एस. टी. स्टँडवर लावतात तशी, कोणी चुकीच्या फलाटावर थांबू नये म्हणून.

पण माझा लाडका प्रसंग शेवटच्या भागातला. केलेब्रिम्बोर हा मध्य-पृथ्वीवरचा सर्वात थोर कारागीर. आजोबा फेआनोर, ज्यांनी तीन अलौकिक रत्नं घडवली. अशा घराण्यातला हा धातूचा देव मिथ्रिल या धातूचा इवलासा तुकडा घेऊन हताश बसलाय. धातू फार थोडा आहे, करू काय? तेवढ्यात तराफ्यावरचा तो देखणा इसम, हॅलब्रँड, जखमेतून नुकताच उठलेला, कार्यशाळेत येतो आणि सुचवतो, यात दुसरा धातू मिसळून बघितला तर? केलेब्रिम्बोर थक्क. असंही करता येतं?

पुण्याच्या तांबट आळीतल्या शाळकरी पोराला विचारा. तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की कासं. हे त्याला बाराखडीच्या आधी येतं. आणि हजारो वर्षं जगलेल्या महाकारागिराला मिश्रधातू हा शब्द परक्याच्या तोंडून ऐकावा लागतो. नटाची दया येते, चार्ल्स एडवर्ड्स चांगला नट आहे. बिचाऱ्यानं चेहऱ्यावर आश्चर्य आणलं.

हा हॅलब्रँड म्हणजेच सॉरॉन, या कथेचा खलनायक. हे शेवटच्या भागात उघड होतं, आणि तोवर सहा आठवडे आपल्याला 'ओळखा पाहू' खेळायला लावलेलं असतं: आकाशातून पडलेला तो दाढीवाला सॉरॉन की ओर्कांचा तो करुण सरदार? मालिकेचे कर्तेधर्ते जे. डी. पेन आणि पॅट्रिक मॅके यांची त्याआधी एकही मालिका पडद्यावर आलेली नव्हती. त्यांची शिफारस केली होती जे. जे. अब्रॅम्स यांनी, ज्यांना बंद पेटीचं कौतुक पेटीतल्या वस्तूपेक्षा जास्त. गुरूची विद्या शिष्यांनी घेतली.

टोल्किनच्या परिशिष्टांत ही गोष्ट कशी आहे बघा. सॉरॉन कारागिरांना भुलवायला लागतो ते दुसऱ्या युगाच्या १२०० सालाच्या सुमारास. तिन्ही एल्फ-मुद्रिका पुऱ्या होतात १५९० च्या आसपास. जवळजवळ चारशे वर्षं. यातली कितीतरी वर्षं तो त्यांच्याबरोबर राहतो, शिकवतो, भेटी देतो, त्यांच्यातलाच होतो. कोण आहे हे वाचणाऱ्याला आधीपासून माहीत. कारागिरांना नाही. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो एवढ्याचसाठी. मालिकेत हे सगळं पाहुणा आजारपणातून उठल्यापासून थोड्याच काळात उरकतं. बरं, एलेन्डिलचा मुलगा इसिल्डुर जन्माला येतो ३२०९ साली, म्हणजे मुद्रिकांनंतर सोळाशे वर्षांनी. मालिकेत तो मुद्रिका घडतात त्याच दिवसांत तरुण मुलगा म्हणून हिंडतोय. पेशव्यांच्या पंगतीला सातवाहन बसवले तरी अंतर साधारण एवढंच पडेल.

कर्ण कुंतीचा मुलगा आहे, हे व्यासांनी शेवटच्या पर्वापर्यंत लपवून ठेवलं असतं, तर काय झालं असतं? एक दचका. बस. ते आपल्याला आदिपर्वापासून ठाऊक आहे, म्हणून सभेतला त्याचा प्रत्येक अपमान आपल्याला झोंबतो.

कुणी म्हणेल, वेळ आणि अंतर दाखवायचं तर पडद्यावर कंटाळवाणं होईल. त्यांच्यासाठी एक उदाहरण. 'रिंग्ज ऑफ पॉवर' यायच्या दहा-बारा दिवस आधी 'हाउस ऑफ द ड्रॅगन' सुरू झाली. तिच्या आठव्या भागात राजा व्हिसेरिस दरबारात येतो. कुजत चाललेला देह, अर्ध्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा, हातात काठी. दारापासून सिंहासनापर्यंत चालायचं आहे, एवढंच. कोणी बोलत नाही. एक पाऊल, थांबणं, श्वास. मधेच पहारेकऱ्याचा हात झिडकारणं. पायऱ्यांशी पोचतो तेव्हा डोक्यावरचा मुकुट गळून पडतो. जन्मभर ज्याच्याशी पटलं नाही तो धाकटा भाऊ पुढे येतो, मुकुट उचलतो, भावाला हात देऊन वर नेतो आणि मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवतो. मुकुट पडला तो चित्रीकरणात चुकून पडला होता म्हणतात, त्यांनी ठेवून दिला. शहाणपण याला म्हणतात. पॅडी कन्सिडाइननं ते दालन असं काही ओलांडलं, की गॅलाड्रिएलचा सबंध महासागर त्यापुढे गावातलं तळं वाटावं. ड्रॅगन त्या दृश्यात नव्हता. कोणाला आठवलाही नाही.

('हाउस ऑफ द ड्रॅगन'नंही नंतर पाय घसरून घेतलाच. दुसरा हंगाम दहाचा आठ भागांवर आला आणि सगळी सैन्यं निघाली, जहाजं निघाली, ड्रॅगन निघाले, आणि हंगाम संपला. नांदी झाली, नाटक दोन वर्षांनी.)

याच घराण्यातल्या थोरल्या मालिकेचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावं. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला हंगाम, २०११. पैसे बेताचे. नववा भाग, मोठी लढाई तोंडावर आलेली, टिरियन सैन्याला चेतवतो, सगळे धावत सुटतात आणि त्या गर्दीत त्याच्याच डोक्याला मार बसून तो आडवा होतो. शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली. पुस्तकात तो लढतो. इथे लढाईला पैसे नव्हते. लोक हसले, कोणी तक्रार केली नाही. त्याच हंगामात काही भाग लांबीला कमी पडले, म्हणून लेखकांना नवी दृश्यं लिहावी लागली, आणि तीही स्वस्तातली. म्हणजे काय, तर एक खोली, दोन माणसं. राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी दारू पीत आपल्या मोडक्या संसाराबद्दल बोलतात, ते दृश्य यातूनच आलं. पुस्तकात ते नाही. सबंध मालिकेतल्या उत्तम दृश्यांत ते मोजलं जातं.

मग पैसे आले. सातव्या हंगामात एक जण बर्फातून पळत तटबंदी गाठतो, तिथून कावळा अर्धा खंड ओलांडून निरोप नेतो, आणि तिकडून राणी ड्रॅगनवर बसून अर्धा खंड ओलांडून मदतीला येते, तोवर तळ्याच्या मधोमध अडकलेली मंडळी गारठून वाट बघत असतात. पहिल्या हंगामात राजाच्या लवाजम्याला उत्तरेत पोचायला महिना लागला होता. आठव्या हंगामाला दर भागाला दीड कोटी डॉलर होते, आणि भाग फक्त सहा. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती. कर्त्यांनाच उरकायचं होतं. मोठी लढाई इतक्या काळोखात झाली, की लोकांनी टीव्ही बिघडला समजून वायर हलवून बघितली. त्यावर छायाचित्रकारानं सुचवलं, की लोकांना आपल्या टीव्हीचं सेटिंग जमत नाही. पुढच्याच भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी पेला राहून गेला. एवढ्या पैशात टेबल पुसायला माणूस मिळाला नाही. हंगाम पुन्हा करा, अशा अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. (तो अर्ज बालिशच होता. पण दहा लाख लोक बालिश व्हायला काहीतरी कारण लागतं.)

आपण इथे बसून हसायचं कारण नाही. १९८७ ची 'रामायण' मालिका उंबरगावच्या स्टुडिओत झाली. दोन बाण समोरासमोर येऊन आभाळात थांबायचे, ठिणग्या उडायच्या, एक विझायचा. आज मोबाइलवर पोरं याहून बरं करतात. लोक टीव्हीला हार घालायचे. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं तीच पुन्हा दाखवली आणि घरोघरी पुन्हा तीच गर्दी. २०२३ मध्ये आपल्या ओम राऊत यांचा 'आदिपुरुष' आला, शेकडो कोटींचा. त्यात लंका होती, राक्षस होते, वटवाघूळ होतं. हनुमानाच्या तोंडी मात्र अशी भाषा घातली, की आठवड्याभरात संवाद बदलून नव्यानं चिकटवावे लागले. संगणकावर लंका बांधायला वर्षं लागली, हनुमान काय बोलेल याचा विचार प्रदर्शनानंतर झाला.

हा क्रम उलटा का होतो? कारण पैसे मागताना चित्र दाखवता येतं, संवाद दाखवता येत नाही. ॲमेझॉनला टोल्किन हवा होता असं म्हणणं थोडं भाबडेपणाचं. त्यांना पुढची 'गेम ऑफ थ्रोन्स' हवी होती, हे २०१७ मध्येच सगळ्यांना माहीत होतं. आणि २५ कोटी डॉलर मोजून हाती काय आलं? 'सिल्मरिलियन' हा ग्रंथ, जिथे या युगाची गोष्ट सविस्तर आहे, त्याचे हक्क व्यवहारात नव्हतेच. आली ती 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटची परिशिष्टं: सनावळी आणि वंशावळी. त्या ओळींच्या मधलं सगळं स्वतः लिहायचं. हे काम करायला जगातले उत्तम लेखक लागतात, आणि हे काम दिलं पहिलटकरांना. ॲमेझॉनच्याच 'व्हील ऑफ टाइम' या मालिकेतही तेच झालं. चौदा कादंबऱ्या समोर असताना पेरिन या पात्राला पुस्तकात नाही अशी एक बायको दिली आणि पहिल्याच भागात त्याच्याच हातून मारली, त्याला दुःख असावं म्हणून. मालिका सुधारत गेली, तिसरा हंगाम लोकांना आवडला, आणि मे २०२५ मध्ये कंपनीनं ती बंद केली. सुधारायला वेळ देणं हे बजेटमध्ये बसत नसावं.

सगळ्यात नेमकं परीक्षण मात्र टोल्किननंच लिहून ठेवलंय, तेही १९५८ साली. तेव्हा अमेरिकेतून त्याच्याकडे एका चित्रपटाचा आराखडा आला होता. म्हाताऱ्यानं तो ओळीओळीनं वाचला आणि रागावून लांबलचक पत्र लिहिलं. काळ आणि अंतर उगाच आवळलंय, जिथे तिथे मारामारी घुसवलीय, नको तिथे जादू आहे, आणि चालायचा कंटाळा आला म्हणून गरुडांवर बसवून पात्रं इकडून तिकडे नेलीत, अशा त्याच्या तक्रारी. तो चित्रपट झाला नाही. पत्र छापलेलं आहे, कोणालाही वाचता येतं, त्याला २५ कोटी डॉलर पडत नाहीत.

एवढं बोलल्यावर बघायचं काय, तेही सांगायला हवं. पहिल्या हंगामाचा दुसरा भाग लावा. एल्फ एलरॉन्ड वीस वर्षांनी आपल्या मित्राला, बुटक्यांच्या राजपुत्राला, ड्युरिनला भेटायला जातो. वाटतं, गळाभेट होईल. ड्युरिन दगड फोडायच्या शर्यतीत त्याला हरवतो आणि हाकलून द्यायला निघतो. राग कशाचा? माझ्या लग्नाला आला नाहीस. मुलं झाली, ती बघायला आला नाहीस. एल्फला वीस वर्षं म्हणजे पापणी लवण्याइतकी, माझं मात्र तेवढ्यात अख्खं आयुष्य झालं. एलरॉन्डचा चेहरा पडतो. हे त्याच्या ध्यानातच आलेलं नसतं. मग ड्युरिनची बायको डिसा येते, भांडण बाजूला सारते आणि पाहुण्याला जेवायला बसवते. लग्नाला न आलेल्या माणसावरचा राग आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. रॉबर्ट अरामायो, ओवेन आर्थर आणि सोफिया नॉमवेटे, तिघंही झकास. दुसऱ्या हंगामात केलेब्रिम्बोर आणि वेष पालटलेला सॉरॉन कार्यशाळेत समोरासमोर आहेत ती दृश्यं बघा. तिथे मालिकेला उशिरा का होईना, फसवायला वेळ लागतो हे कळलंय. बाकीचं बिनधास्त पुढे सरकवा, दहा सेकंदांचं बटण त्यासाठीच आहे.

तिसऱ्या हंगामाला कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. एकूण पाच करायचे ठरलेत.